नव्या तबकडीची वाट

अमुक गायकाच्या नव्या गाण्यांचा संच अमुक शुक्रवारीं प्रसिद्ध व्हावयाचा आहे, एवढी वार्ता आमच्या महाविद्यालयांतील तरुण मंडळींस दोन-दोन महिने पुरते. हे गायकही बहुधा रुळलेली वाट सोडून आडरानांत शिरणारे. वडील मंडळींस या उत्कंठेचें नवल वाटतें. तें वाटूं नये. येणारें गाणें कसें असेल हें ठाऊक नसतांना त्याच्याकडे डोळे लावून बसण्याची रीत आपल्याकडे ग्रामोफोनच्या तबकडीनें आणिली.

तत्पूर्वीं वाट पाहत ती गाणाऱ्याची. कीर्तनकार येणार, नाटक मंडळी येणार, म्हणून गांव जागें असे. परंतु अपेक्षा बहुधा ओळखीच्याच पदाची. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास गोहरजानचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापून आणाव्या लागत. १९०८ मध्यें कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाला आणि हा द्राविडी प्राणायाम संपला. पुढें कंपन्या नव्या मुद्रिकांच्या याद्या छापूं लागल्या, आणि यादी वाचल्यापासून तबकडी हातीं येईपर्यंतचा काळ हा रसिकाच्या वर्षांतला एक निराळाच ऋतु होऊन बसला.

तबकडीच्या एका बाजूस गाणें सुमारें तीन मिनिटांचें. एवढ्यांत राग तो काय मांडणार, हा आक्षेप खोटा नव्हता. पण त्यांत एक गोष्ट निसटते. अपरिचित गाणें एकदां ऐकून क्वचितच पटतें. मैफिलींत तें एकदांच कानीं पडतें; खटकलें तें खटकलेंच. तबकडी पन्नास वेळां लावतां येते. सुई बदलावी, चावी भरावी आणि पुन्हां तेंच ऐकावें. पहिल्या दिवशीं जें विक्षिप्त वाटलें तें महिन्याभरांत घरांतलीं मुलें गुणगुणूं लागतात. शिवाय तबकडी स्वस्त नसे. मध्यम स्थितीच्या घरांत ती क्वचित् येई, आणि आवडो न आवडो, तीच पुनःपुन्हां लावावी लागे. नव्या प्रयोगास असा सक्तीचा श्रोता लाभला हें संगीताचें भाग्यच म्हणावयाचें. आजचा संच मध्यरात्रीं एकदम हातीं येतो, आणि न पटलेलें गाणें बोटानें पुढें सरकवितां येतें. पुढच्या संचाची वाट पाहण्यास लगेच मोकळें!

खांसाहेब अब्दुल करीमखां यांचें उदाहरण घ्या. मिरजेस स्थायिक झालेले हे किराणा घराण्याचे गवई १९३७ सालीं निवर्तले. तत्पूर्वींच्या थोड्या वर्षांत त्यांनीं ओडियन कंपनीस मुद्रिका दिल्या. त्यांपैकीं भैरवींतील ठुमरीची कीर्ति मोठी आहे. परंतु माझ्या मतें अधिक धाडसाची मुद्रिका निराळीच, खरहरप्रिया रागांतील त्यागराजाच्या कृतीची. गवई हिंदुस्थानी, राहणार महाराष्ट्रांतला, आणि गातो तेलुगु कृति! शुद्धतेच्या रखवालदारांस हें कसें रुचावें? सोलापुरांत मात्र मराठी, कानडी आणि तेलुगु या भाषा शेजारीं शेजारीं नांदतात. येथल्याच शाहीर रामजोश्यानें पेशवाईच्या उत्तरकाळांत या भाषाभेदाचा खेळ करून एकाच रचनेंत संस्कृत, मराठी, कानडी गुंफून दाखविलें होतें. अशा गांवच्या कानास त्या मुद्रिकेंत बंडखोरीपेक्षां शेजारधर्मच अधिक ऐकूं यावा.

भावगीताची कथाही याच काळांतली. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनीं १९३०च्या दशकाच्या आरंभीं तबकडींत गाइली. तें नाटकाचें पद नव्हे, भजन नव्हे, लावणीही नव्हे. अशा नाजूक प्रकारास तीन मिनिटांचीच चौकट मानवली. रंगभूमीवर तो वाढला असता असें मला वाटत नाहीं.

या साऱ्याचें सर्वांत विलक्षण फळ म्हणजे कुमार गंधर्व. १९२४ सालीं बेळगांवजवळ सुळेभावी येथें जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी (वडिलांचें नांव सिद्धेश्वराच्या सोलापुरास तरी परकें नाहीं) लहानपणीं थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी. आरंभ हा असा नकलेपासून. पुढें मुंबईस प्रो. बा. र. देवधर यांच्याकडे शिक्षण झालें. मग क्षयानें गांठलें. १९४८ मध्यें ते देवासला जाऊन राहिले आणि कांहीं वर्षें गाणेंच बंद पडलें. अंथरुणावर पडल्या पडल्या कानीं येत तीं माळव्याचीं लोकगीतें. पुन्हां उभे राहून कुमार जें गाऊं लागले तें त्या जुन्या तबकड्यांपैकीं एकींतही नव्हतें: लगनगंधार, मालवती यांसारखे नवे राग, कबीराचीं निर्गुणी भजनें, तुटक व टोंकदार स्वरांची फेक. १९६५ मध्यें त्यांचा ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला. दीर्घ तबकड्या आल्यामुळें एका बाजूस वीस मिनिटांचा अवकाश मिळूं लागला होता. या गाण्यांत कोणास परंपरेचा भंग दिसला, कोणास तिचें मूळ. १९९२च्या जानेवारींत देवासलाच त्यांचा अंत झाला. तोंपर्यंत त्यांच्या नव्या मुद्रिकेची वाट पाहणाऱ्यास ती कशी निघेल हें छातीठोकपणें सांगण्याची सोय नव्हती.