सुरुवातीच्या एसएसडी: महागडी ड्राइव्ह घेऊनही कॉम्प्युटर अडखळायचा, कारण…

आज नवा लॅपटॉप घेतला की त्यात एसएसडी असणार हे गृहीतच धरलं जातं. बटण दाबलं की काही सेकंदांत स्क्रीन तयार! पण २००८-०९ च्या सुमारास घरच्या कॉम्प्युटरसाठी एसएसडी घेणं हा मोठा जुगार होता. एवढे पैसे मोजूनही काहींच्या पदरी असा कॉम्प्युटर आला, जो जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही जास्त अडखळायचा. असं का व्हायचं?

किंमत किती होती?

एसएसडी म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह. यात फिरणारा एकही भाग नसतो, सगळी माहिती फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये साठवली जाते. कल्पना जुनीच. १९९१ मध्ये सनडिस्क (आजची सॅनडिस्क) कंपनीने आयबीएमसाठी अशी ड्राइव्ह बनवली होती. क्षमता फक्त २० एमबी आणि किंमत सुमारे १००० डॉलर!

जानेवारी २००८ मध्ये ॲपलने पहिला मॅकबुक एअर आणला. त्यात हार्ड डिस्कऐवजी ६४ जीबीची एसएसडी हवी असेल, तर ९९९ डॉलर जास्तीचे द्यावे लागत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंटेलची ८० जीबीची एक्स२५-एम आली. हजार नगांच्या खरेदीसाठी तिचा जाहीर दर होता प्रत्येकी ५९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने सुमारे २६-२७ हजार रुपये. एका जीबीला जवळपास साडेसात डॉलर! त्याच काळात १ टीबीची, म्हणजे बारा पटींहून मोठी हार्ड डिस्क दीडशे डॉलरच्या आत मिळत होती.

मग लोक एवढे पैसे का मोजत होते?

हार्ड डिस्कमध्ये गोल तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात आणि एक बारीक हात त्यांच्यावरून मागेपुढे सरकत माहिती शोधतो. हात जागेवर पोचायला आणि तबकडी फिरून हवा तो भाग समोर यायला मिळून १२-१३ मिलिसेकंद लागतात. ऐकायला हे काहीच नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स वाचाव्या लागतात आणि हा हात सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळाच जागा बदलू शकतो. प्रोसेसर कितीही वेगवान असो, तो ताटकळत बसतो.

एसएसडीला हेच काम करायला साधारण ०.१ मिलिसेकंद पुरतो. त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरमध्येही फरक लगेच जाणवायचा.

खरी गोम कंट्रोलरमध्ये

५९५ डॉलर परवडत नसलेल्यांसाठी बाजारात स्वस्त पर्यायही आले. जुलै २००८ मध्ये ओसीझेड कंपनीच्या 'कोअर' मालिकेतली ६४ जीबीची ड्राइव्ह २५९ डॉलरला जाहीर झाली. खोक्यावरचा वेगही आकर्षक होता. मात्र या आणि अशा अनेक स्वस्त ड्राइव्हमध्ये जेमायक्रॉन कंपनीचा जेएमएफ६०२ हा कंट्रोलर होता.

कंट्रोलर म्हणजे कोणती माहिती कुठल्या चिपमध्ये लिहायची हे ठरवणारा ड्राइव्हचा मेंदू. फ्लॅश मेमरीची एक अडचण असते. ती लिहिते छोट्या पानांत (तेव्हा साधारण ४ केबी), पण पुसते मोठ्या ठोकळ्यांत (साधारण ५१२ केबी). एक शब्द बदलण्यासाठी अख्खी पाटी पुसून पुन्हा लिहावी लागावी, तसा हा प्रकार. चांगला कंट्रोलर हे काम हुशारीने आवरतो. जेएमएफ६०२ ला ते झेपत नव्हतं.

मोठा सिनेमा कॉपी करताना ही ड्राइव्ह छान पळायची. पण ब्राउझर, चॅट, अँटिव्हायरस असे प्रोग्रॅम एकाच वेळी छोट्या छोट्या नोंदी लिहू लागले, की एकेका नोंदीला अर्धा-एक सेकंद लागायचा. तेवढा वेळ कॉम्प्युटर गोठल्यासारखा व्हायचा.

आनंदटेक या संकेतस्थळाचे संस्थापक आनंद लाल शिंपी यांनी या दोषावर सविस्तर चाचण्या करून लिहिलं. २००९ च्या सुरुवातीला ओसीझेडची 'व्हर्टेक्स' ही इंडिलिंक्स कंट्रोलरची नवी ड्राइव्ह त्यांच्याकडे आली, तेव्हा तिच्यातही अडखळणं दिसलं. त्यांच्या तक्रारीनंतर कंपनीने फर्मवेअर बदललं. खोक्यावर मिरवायचा वेग थोडा कमी झाला, पण रोजच्या वापरातली अडचण दूर झाली.

नवी असताना पळते, नंतर दमते

दुसरी डोकेदुखी काही महिन्यांनी कळायची. फाइल डिलीट केली तरी विंडोज एसएसडीला तसं कळवत नसे. त्यामुळे नको असलेली माहितीही ड्राइव्ह जपून ठेवायची आणि मोकळी जागा संपत आली की लिहिण्याचा वेग घसरायचा.

यावर उपाय म्हणजे 'ट्रिम' ही आज्ञा. 'हा भाग आता रिकामा समज' असं ती ड्राइव्हला सांगते. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये ही सोय होती, पण ड्राइव्हलाही ती समजायला हवी. इंटेलने नव्या फर्मवेअरद्वारे ती दुसऱ्या पिढीच्या एक्स२५-एमला दिली. सर्वाधिक किंमत मोजून पहिली पिढी घेतलेले ग्राहक मात्र कोरडेच राहिले!

जाणकार ग्राहक काय बघत?

* कंट्रोलर कोणता? कंपनीच्या नावापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा होता.
* छोट्या नोंदी लिहिण्याचा वेग किती? एक्स२५-एमचा सलग लिहिण्याचा जाहीर वेग सेकंदाला फक्त ७० एमबी होता, अनेक स्वस्त ड्राइव्हपेक्षा कमी. तरीही रोजच्या वापरात ती कितीतरी सरस ठरली.
* एसएलसी की एमएलसी? एसएलसी चिप साधारण एक लाख वेळा पुसता येई, तर त्या काळची एमएलसी दहा हजार वेळा. पण एसएलसी फारच महाग होती आणि घरगुती वापराला एमएलसी पुरेशी होती.
* जागा किती हवी? खोक्यावरचे ८० जीबी विंडोजमध्ये ७४.५ जीबीच दिसतात. म्हणून एसएसडीवर फक्त विंडोज आणि नेहमीचे प्रोग्रॅम, तर फोटो, गाणी, सिनेमे जुन्या हार्ड डिस्कवर, अशी विभागणी लोकप्रिय झाली.
* विंडोज कोणती? एक्सपी डिस्कचा पहिला भाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. ही सुरुवात फ्लॅशच्या पानांशी जुळत नसल्याने एका नोंदीसाठी दोन पानं हाताळावी लागत. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये हा प्रश्न नव्हता.

थांबणाऱ्यांचा फायदा झाला

जुलै २००९ मध्ये इंटेलने आणखी बारीक, म्हणजे ३४ नॅनोमीटर तंत्राने बनवलेली दुसरी पिढी आणली. ८० जीबीचा दर थेट २२५ डॉलरवर आला. अवघ्या दहा महिन्यांत निम्म्याहून कमी! २०१० मध्ये तर ४० जीबीची एक्स२५-व्ही १२५ डॉलरला मिळू लागली. फक्त विंडोजसाठी तेवढी जागा पुरेशी होती.

आज किमती कितीतरी उतरल्या असल्या, तरी खोक्यावर सर्वात मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो सलग वेगच. रोजच्या कामातला अनुभव मात्र आजही ठरतो तो ड्राइव्ह छोट्या नोंदी कशा हाताळते आणि भरत आल्यावर कशी वागते यावर. म्हणूनच, स्वस्तातली एसएसडी घेताना खोक्यावरच्या आकड्यापेक्षा तिच्या आतल्या कंट्रोलरची चौकशी आधी केलेली बरी!