चेतापेशींचे संदेशवहन : तंतूतील वीज, फटीतील रसायन

शरीराच्या एका भागातील वार्ता दुसऱ्या भागाला कळवणाऱ्या पेशींना चेतापेशी म्हणतात. माणसाच्या मेंदूत त्यांची संख्या सुमारे ८,६०० कोटी असल्याचा अंदाज आहे. प्रत्येक चेतापेशीला वार्ता स्वीकारणाऱ्या अनेक आखूड शाखा आणि ती पुढे नेणारा एक लांब तंतू असतो. या लांब तंतूला अक्षतंतू ही संज्ञा आहे. असे असंख्य अक्षतंतू जुडीसारखे एकत्र येऊन शरीरभर पसरतात. व्यवहारात त्या जुडीलाच आपण मज्जातंतू म्हणतो. कंबरेकडून पावलापर्यंत जाणारे काही अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतात, पण जाडीने ते केसाहूनही कितीतरी बारीक असतात.

वेगाचा शोध

हा संदेश इतका शीघ्र जातो की त्याचा वेग मोजणे अशक्य, असे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानले जाई. १८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी तो बेडकाच्या मज्जातंतूवर मोजून दाखवला. मज्जातंतूला स्नायूच्या जवळ आणि स्नायूपासून दूर अशा दोन ठिकाणी विजेचा झटका दिला असता स्नायू आखडण्यास लागणाऱ्या वेळेत फरक पडत होता. त्यावरून वेग सेकंदाला सुमारे २७ मीटर निघाला. तांब्याच्या तारेतून जाणाऱ्या विजेच्या मानाने हा वेग फारच मंद होता. मज्जातंतू म्हणजे केवळ शरीरातील तार नव्हे, हे त्यातून सूचित झाले.

तंतूच्या आत

अक्षतंतूला वेढणाऱ्या पातळ पटलाबाहेर सोडियमचे आणि आत पोटॅशियमचे विद्युतभारित कण अधिक असतात. विश्रांत अवस्थेत तंतूचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. पुरेशी चेतना मिळताच पटलातील सोडियमची द्वारे उघडतात, कण आत घुसतात आणि तेवढ्या जागी आतला भाग क्षणभर धन होतो. साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात ही द्वारे मिटतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि पूर्वस्थिती येते. तोवर शेजारची द्वारे उघडलेली असतात.

वाळलेल्या गवतातून आग सरकते, तशी ही लाट सरकते. पहिल्या काडीची ज्वाळा शेवटपर्यंत जात नाही. प्रत्येक काडी स्वतः पेटते आणि पुढचीला पेटवते. म्हणूनच मीटरभर अंतर कापूनही संदेश क्षीण होत नाही. स्पंद होऊन गेलेला भाग थोडा काळ निष्क्रिय राहतो, त्यामुळे लाट उलटी फिरत नाही. स्पंद एक तर पूर्ण उठतो, नाहीतर उठतच नाही. स्पर्श हलका की जोराचा, हे मेंदूला स्पंदांच्या संख्येवरून आणि ते किती तंतूंतून आले यावरून कळते.

काही तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. ते ठरावीक अंतराने खंडित होते आणि स्पंद त्या उघड्या जागांवरून जणू उड्या घेत जातो. अशा जाड तंतूंत वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूंत तो जेमतेम अर्धा ते दोन मीटर असतो. उंबरठ्याला अंगठा ठेचकाळल्यावर आपटल्याची जाणीव आधी होते आणि ठणका मागून येतो, तो यामुळेच.

ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी स्क्विड, म्हणजे आपल्या बाजारातील माणकी, या प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये या क्रियेचे गणित मांडले. १९६३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी ठरले.

दोन पेशींमधली फट

तंतूच्या टोकाशी मात्र ही वाट तुटते. पुढची पेशी त्याला चिकटलेली नसते. मध्ये साधारण २० ते ४० नॅनोमीटरची फट असते. काही ठिकाणी पेशींमध्ये थेट विद्युतजोड असतात, पण बहुतेक ठिकाणी ही फट रसायनाने ओलांडली जाते. स्पंद टोकाशी पोचला की कॅल्शियमचे कण आत शिरतात, सूक्ष्म पिशव्या फुटून त्यांतील रसायन फटीत उतरते आणि पलीकडच्या पेशीवरील ग्राहकांना जाऊन भिडते. तेथे नवा स्पंद उठू शकतो, किंवा रसायनाच्या प्रकारानुसार तो दाबलाही जातो.

ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये याचा पुरावा दिला. एका बेडकाच्या हृदयाचा मज्जातंतू चेतवून त्यांनी त्याची गती मंदावली आणि त्या हृदयाभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले. मज्जातंतूचा काही संबंध नसताना तेही मंदावले. ते रसायन पुढे ॲसिटिलकोलीन म्हणून ओळखले गेले.

विषाचा घाव कुठे?

संदेशवहनाच्या या दोन टप्प्यांवरच विषांचा आणि औषधांचा खेळ चालतो. दातांचे डॉक्टर देतात ते बधिरतेचे इंजेक्शन सोडियमची द्वारे तात्पुरती बंद करते. याउलट कोकणातील लाल विंचवाचे विष ती वेळेवर मिटू देत नाही. तंतू स्पंद सोडत राहतात आणि हृदयावर व रक्तवाहिन्यांवर ॲड्रेनालिनसारख्या रसायनांचा मारा होतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाने हा मारा थोपवता येतो हे दाखवून दिले.

मण्यारीचे विष फटीवर घाव घालते. स्नायूला आज्ञा देणाऱ्या तंतूंची टोकेच ते निकामी करते. मेंदूची आज्ञा निघते, तंतूतून टोकापर्यंत येते, पण पलीकडे पोचत नाही. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. निपचित पडलेला हा रुग्ण पुष्कळदा शुद्धीवर असतो आणि सभोवतालचे बोलणे ऐकत असतो. निकामी झालेली टोके प्रतिविषाने लगेच सुधारत नाहीत. ती नव्याने तयार होईपर्यंत, कधी कित्येक दिवस, कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण व वेदना नगण्य असते. म्हणून पहाटे अकारण पोटदुखी आणि मिटू लागलेल्या पापण्या दिसल्या, तर उतारा वा मंत्र यांत वेळ न दवडता कृत्रिम श्वासाची सोय असलेले रुग्णालय गाठावे. फटीपलीकडे संदेश पुन्हा पोचू लागेपर्यंत श्वास चालू राहिला, तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो.