लिओनीची आई

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील आलाँसों या गावी १३ जुलै १८५८ रोजी मध्यरात्री एक साधा विवाह झाला. वर लुई मार्टिन हा घड्याळजी, तर वधू झेली गेरँ ही लेस बनविणारी कुशल कारागीर. दोघांनीही तारुण्यात व्रतस्थ जीवनाची इच्छा धरली होती आणि दोघांनाही मठाच्या दारातून परतावे लागले होते. त्यांची सर्वांत धाकटी कन्या, बाळ येशूची संत तेरेजा, आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु मुलांच्या काळजीने ज्यांची झोप उडाली आहे, अशा मातापित्यांनी तेरेजाच्या आधी तिच्या एका थोरल्या बहिणीची, लिओनीची, कथा जाणून घ्यावी.

त्या काळच्या फ्रेंच धार्मिकतेवर जान्सेनवादाची छाया अद्याप रेंगाळत होती. देव म्हणजे कठोर न्यायाधीश, ही भावना अनेक घरांत खोल रुजली होती. झेली स्वतः अशाच करड्या शिस्तीत वाढली. आईच्या मायेचा ओलावा आपल्या वाट्याला फारसा आला नाही, आपले बालपण दुःखात गेले, असे तिने पुढे आपल्या भावाला पत्रातून कळविले. आपल्या मुलांना मात्र तिने प्रेमाने वाढवायचे ठरविले. १८६० ते १८७३ या काळात तिला नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी चार लहानपणीच दगावली.

१८६३ साली जन्मलेली लिओनी ही तिसरी मुलगी. ती प्रकृतीने नाजूक, अभ्यासात मागे आणि स्वभावाने हट्टी होती. ल माँ येथील ज्या मठात तिची मावशी भगिनी होती, तेथील शाळेत तिला दोनदा ठेवून पाहिले; दोन्ही वेळा ती घरी परत आली. झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. या मुलीचे कसे होणार, ही चिंता त्यांतून वारंवार डोकावते. आपले सारे उपाय हरले, आता देवाच्या दयेचाच आधार, असा तिचा सूर आहे.

१८७७ च्या आरंभी मावशी मरणपंथाला लागली, तेव्हा लिओनीने तिला पत्र लिहिले. स्वर्गात गेल्यावर माझ्या हृदयपरिवर्तनासाठी देवाकडे विनवणी कर, असे तिचे मागणे होते. फेब्रुवारीत मावशी निवर्तली. पुढच्याच महिन्यात थोरल्या मेरीच्या ध्यानी एक भयंकर गोष्ट आली: घरची मोलकरीण कित्येक दिवस लिओनीला धाकदपटशाने आपल्या मुठीत ठेवीत होती. जिला सारे हट्टी म्हणत होते, ती पोर भेदरलेली होती!

एकाच छपराखाली राहून आईला हे उमगले नव्हते. एखादी माता अपराधाच्या भावनेने खचून गेली असती. झेलीला तर स्तनाच्या कर्करोगाने ग्रासले होते. तरीही तिने हा उलगडा म्हणजे देवाची कृपाच मानली. मुलीला तिने मोलकरणीच्या हुकमतीतून सोडविले, जवळ घेतले आणि उरलेले दिवस तिला मायेने आपल्या पंखाखाली ठेवले. या मुलीसाठी तरी आपण जगावे, असे तिला वाटू लागले. जूनमध्ये तिन्ही थोरल्या मुलींना घेऊन ती लुर्दला गेली. रोग बरा झाला नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तिने देह ठेवला. तो संत ऑगस्टीनचा सणाचा दिवस होता. ऑगस्टीनच्या मातेने, मोनिकाने, पुत्राचे परिवर्तन डोळ्यांनी पाहिले. झेलीला मात्र लिओनीमधील पालटाची केवळ सुरुवात पाहावयास मिळाली.

पुढची वाटही सरळ नव्हती. १८८६, १८८७ आणि १८९३ साली लिओनी मठात गेली आणि तिन्ही वेळा बाहेर पडली. पहिल्या दोन्ही वेळी वृद्ध पित्याच्या घराचे दार तिच्यासाठी उघडे होते. १८९४ साली लुईही गेला. अखेर जानेवारी १८९९ मध्ये, आईच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, लिओनी काँ येथील मठात प्रवेशली आणि १९४१ साली तेथेच शांतपणे प्रभूकडे गेली.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी, कुटुंबविषयक सिनड चालू असताना, पोप फ्रान्सिस यांनी लुई व झेली या दांपत्याला एकत्र संतपद बहाल केले. त्याच वर्षी लिओनीच्याही संतपदाच्या प्रक्रियेला आरंभ झाला.

देवाच्या दयेवर विसंबणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असा समज कधीकधी आढळतो. झेली तर लेसचा धंदा सांभाळीत रात्री उशिरापर्यंत राबत होती. मूल घडविणे सर्वस्वी आपल्याच हाती आहे असे मानणारा पालक, मूल चुकले की कठोर तरी होतो किंवा हताश तरी. दयेवर विसंबणाऱ्या पालकाला आपली चूक कबूल करण्याचे आणि पुन्हा नव्याने आरंभ करण्याचे बळ लाभते. आपल्याही घरांत एखादी लिओनी असेल. परीक्षेत नापास झालेली, नोकरी सोडून आलेली, मिस्साला येईनाशी झालेली. तिला बोल लावण्यापूर्वी आपण तिचे भय ओळखले आहे का, हे स्वतःला विचारावे. उरलेले काम आपल्या हयातीत पुरे होईलच असे नाही. परंतु ज्याच्या हाती ते सोपवायचे, त्याची दया आपल्या आयुष्यापेक्षा दीर्घ आहे.