बांधावरचा परदेशी पाला

आमच्या गावात, चामटोलीत, गवत कापताना विळा लागला, तर कुणी दवाखान्याकडे धावत नसे. बांधावरचा दगडी पाला ओरबाडायचा, तळहातावर चोळायचा आणि हिरवा रस जखमेवर पिळायचा. चरचरायचं, पण रक्त थांबायचं. आमच्या पट्ट्यातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे निम्म्या गावाच्या बोटांवर हा हिरवा डाग दिसे. आजीची ताकीद एकच, "चावून लावू नको रे, तोंडाची घाण आत जाते." जंतू हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नव्हता.

हा पाला ऋषिमुनींची देणगी आहे, असं हल्ली गावात ठासून सांगतात. मला हसू येतं. दगडी पाला, कुणी त्याला कंबरमोडी म्हणतं, कुणी एकदांडी, मूळचा अमेरिकेचा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स या नावाने त्याची नोंद केली, तीही मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचं गाव सांगून. कोकणात रक्त थांबवायला रानमोडीचा पाला लावतात, तीसुद्धा तिकडचीच. चरक-सुश्रुतांनी यातलं एकही झाड पाहिलेलं नाही. म्हणजे कधीतरी कुणीतरी हे उपरं तण पहिल्यांदा चोळून बोटाला लावलं असणार. माझा अंदाज, ती एखादी ठाकरीण किंवा कातकरीण असावी. रोज काट्याकुट्यात हात घालणाऱ्यालाच असले शोध लागतात. तिचं नाव कुठे नोंदलेलं नाही, आणि आम्ही श्रेय देऊन मोकळे झालो ऋषींना.

हळदीचं तसं नाही. ती खरोखर जुनी, आणि लिहून ठेवलेली. मार्च 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघांना जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. त्यांच्या संस्थेने जुने ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा एक लेख पुढे ठेवला, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. आयांनी पिढ्यानपिढ्या हळद दाबली ही गोष्ट तिथे पुरेशी ठरली नसती. छापील कागद लागला. दगडी पाल्यावर उद्या कुणी असाच हक्क सांगितला, तर सुश्रुत काही मदतीला येणार नाही.

आजीच्या औषधांच्या बटव्यात तिसरी भर जवळच्या अंबरनाथच्या कारखान्यांनी घातली. 1948 च्या कारखाना कायद्याने दर 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी सक्तीची केली. त्या पेटीतलं लाल औषध कामगारांच्या ओळखीचं झालं आणि हळूहळू घरोघरच्या फळीवर आलं. पोरांना पाल्यापेक्षा तेच आवडे. गुडघा लाल दिसला की शाळेत भाव मिळायचा.

याच बटव्यात चुलीची राख होती, माती होती, शेणही होतं, हे मात्र आठवणी काढणारे सोयीने विसरतात. बाळाच्या नाळेला शेण लावल्याने धनुर्वात होऊन किती मुलं गेली असतील! माता आणि नवजातांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं ते 2015 मध्ये, आणि ते लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे झालं. पाल्याचं कौतुक करताना हेही मोजायला हवं.

ओरखडा किरकोळ असेल तर साबण-पाण्याने स्वच्छ धुवा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. गंजका विळा किंवा खिळा खोल गेला, जखमेत शेणमाती गेली, तर पाला शोधत बसू नका, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. आणि कुणाला आजीचा उपाय करून बघायचाच असेल, तर आधी बांधाच्या मालकाला विचारा. आता बांधांवर तणनाशक मारतात, आणि दगडी पाला त्याच्या लेखी तणच आहे.