झिजलेले दाते आणि लांबलेली साखळी

सायकलची चेन बदलायला गेलो की दुकानदार सांगतो, "फ्रीव्हीलही बदला." आपल्याला वाटते, हा उगीच पैसे उकळतो आहे. पण बहुतेक वेळा त्याचेच बरोबर असते. हाच हिशेब बुलडोझरसारख्या, लोखंडी पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रांना लागू पडतो. तो समजून घेण्यासाठी आपल्याला पवईला जावे लागेल.

हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ साली मुंबईत भागीदारी सुरू केली. १९४५ मध्ये त्यांना अमेरिकेच्या कॅटरपिलर कंपनीची यंत्रे विकण्याचे काम मिळाले. महायुद्ध संपले होते आणि सैन्याला नको असलेली कॅटरपिलर यंत्रे स्वस्तात मिळत होती. पण ती घेण्याइतके भांडवल दोघांपाशी नव्हते. म्हणून ७ फेब्रुवारी १९४६ रोजी 'लार्सन अँड टुब्रो' ही खासगी मर्यादित कंपनी स्थापन झाली. १९४८ मध्ये तिने पवईला ५५ एकर जमीन घेतली. तेव्हा तिथे दलदल आणि रान होते.

वापरलेले यंत्र घेणे म्हणजे त्याची झीजही विकत घेणे. पट्टा म्हणजे एक मोठी साखळीच. तिच्या प्रत्येक सांध्यात एक पिन व तिच्याभोवती बुश नावाची पोलादी नळी असते. इंजिनाने फिरणाऱ्या चाकाचे दाते बुशांना ढकलतात आणि यंत्र पुढे सरकते. चिखल-वाळू सांध्यात शिरली की पिन आणि बुश आतून झिजतात. समजा, दोन सांध्यांतले अंतर २०० मिलिमीटर आहे आणि प्रत्येक सांधा एकच मिलिमीटर झिजला. चाळीस कड्यांच्या पट्ट्याची लांबी ४० मिलिमीटरने वाढेल! चाकाच्या दात्यांमधले अंतर मात्र तेवढेच राहते. मग बुश खाचेच्या तळाशी न बसता दात्यावर वर चढतो, दाता घासून टोकदार होतो आणि अखेर पट्टा दाते सोडून उडी मारतो. अशा पट्ट्यावर कोरे चाक बसवले तर तेही लवकर झिजते. चाक एकटे जुने होत नाही.

अशा अनेक यंत्रांत चाकाचे दाते विषम संख्येचे असतात. समजा २५ दाते आहेत आणि बुश एक खाच सोडून एक खाचेत बसतो. पहिल्या फेरीत १, ३, ५ अशा खाचा वापरल्या जातील, दुसऱ्या फेरीत २, ४, ६. म्हणजे प्रत्येक खाचेला एका फेरीची विश्रांती! २४ दाते असते तर त्याच बारा खाचा राबल्या असत्या. पिन-बुशही अर्धे आयुष्य झाल्यावर अर्धा वळसा फिरवून बसवतात, म्हणजे न झिजलेली बाजू कामाला येते. आम्हाला ही काटकसर फार आवडते.

दाते बदलायचे तर पूर्वी चाकाची जुनी कड कापून नवी वेल्डिंगने जोडावी लागे. पुढे बोल्टने बसणारे दात्यांचे तुकडे आले. पट्टा न तोडता एकेक तुकडा बदलता येऊ लागला. १९५७ च्या सुमारास देशात परकीय चलनाची तीव्र टंचाई होती. एका सुट्या भागासाठी अख्खे यंत्र अडून बसावे, ही गोष्ट परवडणारी नव्हती. लार्सन अँड टुब्रोच्या परिवारात १९६२ मध्ये 'युटेक्टिक वेल्डिंग अलॉइज' आली. झिजलेल्या भागांवर कठीण धातूचा थर चढवणे हे या शाखेचे तंत्र. १९६३ मध्ये 'ट्रॅक्टर इंजिनिअर्स' आली. ती पट्टेवाल्या यंत्रांचा खालचा सगळा भाग बनवू लागली.

वर्गात बुलडोझर आणता येत नाही, पण सायकल येते. नव्या चेनच्या २४ कड्या पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. मोजून पाहा. एक-सोळांश इंच जास्त भरली तर चेन बदलावी. एक-अष्टमांश इंच वाढ होईपर्यंत चालवली असेल, तर दातेही गेले असे समजावे.