‘ओरिजिनल’ सुईचा पूर्वपक्ष

चोर बाजारातल्या रेकॉर्डवाल्यापासून ते लाखभर रुपयांचा अँप्लिफायर बाळगणाऱ्या संग्राहकापर्यंत सर्वांचं एका बाबतीत एकमत असतं. जुन्या कार्ट्रिजची सुई झिजली, की त्याच कंपनीची, त्याच काळातली, डबी न फोडलेली सुई शोधायची आणि मागतील ते पैसे मोजायचे. दुसऱ्या कुणी बनवलेली ती ‘डुप्लिकेट’, आणि डुप्लिकेट म्हणजे टाकाऊ. हे मत इतकं रुळलं आहे की त्यामागचं कारण विचारणाऱ्यालाच अडाणी ठरवतात. मला ते मान्य नाही. पण जुन्या शास्त्रार्थाची एक रीत चांगली होती. खोडायचा पक्ष आधी असा मांडायचा की तो धरणाऱ्यानेही मान डोलवावी. तेव्हा आधी पूर्वपक्ष.

मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमध्ये आपण जिला सुई म्हणतो ती नुसती हिऱ्याची कणी नसते. ती कणी, ती जिच्या टोकाला बसवलेली असते ती बारीक दांडी, दांडीच्या दुसऱ्या टोकाचं चुंबक आणि दांडीला पेलून धरणारं रबराचं कडं, हा सगळा संसार हाताने ओढून निघणाऱ्या त्या प्लास्टिकच्या तुकड्यात मावलेला असतो. कार्ट्रिजच्या अंगात उरतात ती तारेची वेटोळी आणि त्यांचे गाभे. सुई बदलली की हलणारा सगळाच भाग बदलला. चुंबक थोडं कमजोर असेल तर आवाज उतरतो, दांडी जड असेल तर वरच्या पट्टीचा तोल जातो.

याहून नेमका मुद्दा विजेच्या बाजूचा आहे. शुअर कंपनीचं १९७३ मधलं व्ही-१५ टाइप थ्री घ्या. त्याच्या वेटोळ्यांचा इंडक्टन्स सुमारे ५०० मिलिहेन्री, आणि तारा व अँप्लिफायर मिळून ४०० ते ५०० पिकोफॅरड कपॅसिटन्स द्या, अशी कंपनीची सूचना. या दोहोंचा अनुनाद साडेदहा हजार हर्ट्झच्या आसपास पडतो आणि त्यापुढे विजेच्या बाजूने आवाज उतरू लागतो. कणी आणि दांडी यांचा यांत्रिक अनुनाद त्याच्या वर असतो. तो ही घसरण भरून काढतो आणि एकूण रेषा सपाट होते. एक उतार आणि एक चढ एकमेकांना बेतून केलेले. परकी सुई बसवली की चढ बदलतो, उतार तसाच राहतो. मूळ सुईच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद माझ्या ऐकण्यात नाही, आणि गंमत म्हणजे मूळ सुईचे बहुतेक कैवारी तो करतच नाहीत. ते डबीवरचं नाव दाखवतात.

आता उत्तर. तो चढ बेतताना कारखान्याने कोणतं रबर गृहीत धरलं होतं? ताजं. हिरा पन्नास वर्षांत म्हातारा होत नाही, चुंबकही फारसं नाही. रबर होतं. काही मिश्रणं चांगली टिकतात, हेही खरं. पण पुष्कळशी कडक होतात, आणि काही उलट इतकी ढिली पडतात की दांडी खचते आणि कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला घासू लागतं. डबी उघडलेली नाही म्हणून हे थांबत नाही. लोणच्याची बरणी न उघडता ठेवली तर लोणचं मुरतं; रबराचं तसं नाही. ‘न वापरलेली’ आणि ‘नवी’ हे दोन शब्द एकच आहेत असं मानणं, हा या पक्षाचा पहिला हेत्वाभास.

किती फरक पडतो याचा अंदाज कागदावर करता येतो. टोनआर्मचं प्रभावी वस्तुमान आणि कार्ट्रिजचं वजन मिळून १६ ग्रॅम धरू. सुईची लवचीकता नेहमीच्या मापाने २५. या दोहोंच्या गुणाकाराचं वर्गमूळ २०, त्याने १५९ला भागलं की सुमारे ८ हर्ट्झ मिळतात. हा आर्म-कार्ट्रिज जोडीचा अनुनाद. वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे याच्या खाली राहतात, संगीत वर. मधली जागा मोकळी. आता रबर कडक होऊन लवचीकता ४ वर आली असं समजा. वर्गमूळ ८, आणि अनुनाद २० हर्ट्झच्या उंबरठ्यावर. यंत्राची घरघर आता स्वतःच्या आवाजापेक्षा मोठी होऊन स्पीकरपर्यंत येते. शिवाय दीड ग्रॅमखाली चालायला हवी होती ती सुई जोरकस स्वराला खाचेतून उडते, म्हणून माणूस वजन वाढवतो, आणि रेकॉर्ड झिजवतो. पूर्वपक्षाचा तो नाजूक चढ-उतारही या रबराच्या आवरण्यावरच उभा होता. रबर गेलं की तो मुद्दा स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देतो. त्यात आजच्या तारा आणि अँप्लिफायर मिळून पुष्कळदा २०० पिकोफॅरडच भरतात. म्हणजे विजेचा उतार साडेदहा हजारांवरून जवळजवळ सोळा हजारांवर सरकलेला असतो. जोडीतला एक जण म्हातारा झाला, दुसरा घर सोडून गेला, आणि आपण लग्नपत्रिका जपून ठेवतो आहोत.

माझ्या एका स्नेह्यांनी अशीच एक डबी मिळवली. नामवंत कंपनीची, सीलबंद, नव्या कार्ट्रिजच्या किमतीत. पहिल्याच रेकॉर्डवर षड्जाची ठाम फेक आली की आवाज फाटे. दोन महिने ते रेकॉर्डला दोष देत राहिले.

उलट टोकाला जाऊन ‘बसते ती चालते’ असं मात्र मी म्हणत नाही. स्वस्त बदली सुयांबद्दलचा संशय रास्त आहे. डबीवर ‘एलिप्टिकल’ लिहिलेलं असतं, पण हिरा अख्खा नसतो. धातूच्या खुंटीवर चिकटवलेला टवका असतो, त्याने टोक जड होतं, आणि कधी तो किंचित तिरका बसलेला असतो. तिरकी लंबगोल कणी सरळ गोल कणीपेक्षा वाईट. काही ठिकाणी मूळ सुईला खरोखर जोड नाही. शुअरच्याच पुढच्या व्ही-१५ टाइप फाइव्हमधली दांडी बेरिलियमची होती. तो धातू घडताना उडणारी धूळ विषारी, त्यामुळे ते काम आज सहसा कुणी हाती घेत नाही. तिथे मूळ सुईचा हट्ट मी समजू शकतो, फक्त रबर तपासून. पण शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजचं उत्पादनच बंद केलं. त्यांच्या ताज्या सुया आता येणारच नाहीत. दुसरीकडे जपानच्या ह्योगो प्रांतातली जिको ही कंपनी, जिची सुरुवात १८७३ मध्ये शिवणाच्या सुया करण्यापासून झाली, जुन्या कार्ट्रिजसाठी आजही ताज्या रबराच्या सुया करते. तिला डुप्लिकेट म्हणायचं असेल तर म्हणा.

माझ्या मते खरा प्रश्न कंपनीचा नाहीच. सुई कोणत्या आर्मवर आणि कोणत्या खाचेत चालायची आहे, तो आहे. शुअरच्या एम-७५ मालिकेत एकाच अंगाला अनेक सुया बसत. एक पाऊण ते दीड ग्रॅमवर चालणारी नाजूक लंबगोल, दुसरी दीड ते तीन ग्रॅमची साधी गोल. दोन्ही ओरिजिनल. गॅरार्ड एसपी-२५ सारख्या जरा जड, घर्षण असलेल्या आर्मवर पहिली लावली तर ती बिचारी अडखळते. दुसरी निमूट गाते.

आणि खाच. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. दहा हजार हर्ट्झची एक लाट कडेला ५१ मायक्रॉन लांब असते, आत २१. गोल कणीची त्रिज्या १८ मायक्रॉन; तिला त्या आतल्या वळणात शिरताच येत नाही. लंबगोल कणीची बाजू ८ मायक्रॉनची, ती शिरते. आपल्या ख्यालाच्या रेकॉर्डला हे फार लागतं, कारण बाजूची मांडणीच तशी असते: विलंबित ऐसपैस बाहेर, द्रुत दाटीवाटीने आत. तबल्याच्या चाटीची कड, द्रुत बंदिशीच्या शब्दांतला ‘स’ नेमका जिथे जागा अपुरी तिथे येतो. मूळ सुई गोल होती म्हणून गोलच घ्यायची, हा आग्रह धरणाऱ्याने कुठल्याही ख्यालाच्या रेकॉर्डची शेवटची दोन मिनिटं लक्ष देऊन ऐकावीत.

लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचं गणित वेगळंच. तिथे सुमारे ७५ मायक्रॉनची कणी हवी. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि नाट्यगीताऐवजी साठ-सत्तर वर्षांची धूळ ऐकवते.

घरच्या जुन्या पेटी-प्लेअरचंही विचारतात लोक. त्यातलं कार्ट्रिज सिरॅमिकचं असेल तर ताजी पिन लावावी, वाद घालू नये. पण आत रोशेल क्षाराचा स्फटिक असेल तर आधी तो जिवंत आहे का ते पाहावं. हा क्षार दमट हवेत बिघडतो. मुंबईचे किंवा कोकणातले चाळीस पावसाळे त्याने कपाटात काढले असतील, तर ओरिजिनल काय किंवा डुप्लिकेट काय, कुठल्याही पिनेला तो आता उत्तर देणार नाही.

स्नेह्यांच्या त्या कार्ट्रिजला आता जपानी सुई आहे. सीलबंद डबी त्यांनी काचेच्या कपाटात ठेवली आहे, आणि पाहुण्यांना अजून तीच दाखवतात.