किडचे दोन परवाने : सागरी लुटीच्या अभ्यासात शिरताना

कॅप्टन विल्यम किडला २३ मे १७०१ रोजी लंडनमध्ये, टेम्सकाठच्या वॉपिंग इथे फाशी दिले. दोर तुटला. किड खाली पडला, त्याला पुन्हा चढवले आणि दुसऱ्या दोराने काम पुरे केले. मग त्याचे प्रेत टिलबरीजवळ नदीच्या तोंडाशी लोखंडी पट्ट्यांत अडकवून टांगले, येणाऱ्याजाणाऱ्या खलाशांच्या नजरेस पडावे म्हणून. खटल्यात हा माणूस एकच गोष्ट परत परत मागत होता. मी धरलेल्या दोन्ही जहाजांवर फ्रेंच परवाने होते, ते मी सरकारच्या स्वाधीन केले आहेत, तेवढे न्यायालयापुढे आणा. ते आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनी, ते लंडनच्या सरकारी दफ्तरातच सापडले.

सागरी लुटारूंच्या अभ्यासात पहिले पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मी आधी या दोन कागदांपाशी नेतो. पुरलेल्या सोन्याची पेटीही या गोष्टीत आहे, तिच्याकडे वळूच. पण पेटीपासून सुरुवात केली की वाचक लहानपणी वाचलेल्या साहसकथेत परत जातो. कागदापासून सुरुवात केली की एक अवघड प्रश्न समोर येतो : समुद्रावर एकच कृत्य एका माणसाला सरदारकी देते आणि दुसऱ्याला फाशी, हे ठरवतो कोण?

त्या काळी युरोपातले राजे खाजगी जहाजवाल्यांना शत्रूची जहाजे धरण्याचा लेखी अधिकार देत. लुटीतला ठरलेला वाटा राजाला आणि भांडवल घालणाऱ्यांना, उरलेला कप्तान आणि खलाशांना. अशा जहाजवाल्याला ‘प्रायव्हेटिअर’ म्हणत. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. सरदाराला पालपट्टी भरून मुलुखात लुटीला निघणारे पेंढारी आपल्याला ठाऊक आहेत. फरक एवढाच की प्रायव्हेटिअरच्या हातातल्या कागदावर राजाचा शिक्का असे, आणि परतल्यावर त्याला धरलेले प्रत्येक जहाज कायदेशीर शिकार होती हे न्यायालयात सिद्ध करावे लागे. कागद आहे तोवर तो राजाचा माणूस. कागद गेला, की चाचा.

किड मूळचा स्कॉटलंडचा. १६८९ च्या सुमारास तो कॅरिबियन समुद्रात इंग्रजांच्या बाजूने फ्रेंचांशी लढला. त्याचे जहाज त्याच्याच खलाशांनी तो किनाऱ्यावर असताना पळवून नेले. त्यांच्यातल्या रॉबर्ट कलिफर्डचे नाव लक्षात ठेवावे, तो पुढे परत भेटेल. १६९१ मध्ये किडने न्यूयॉर्कमधल्या सारा या सधन विधवेशी लग्न केले. त्याला घर होते, प्रतिष्ठा होती. ट्रिनिटी चर्चच्या बांधकामासाठी त्याने आपली दोरकप्पी उसनी दिली होती. चाळिशी उलटलेला हा गृहस्थ १६९५ मध्ये लंडनला गेला आणि तिथे एका मोठ्या व्यवहारात सापडला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे येणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ लुटले होते. बायकांवर अत्याचार झाले होते. सुरतेच्या वखारीतले इंग्रज मोगलांनी कैदेत टाकले. एव्हरी कधीच हाती लागला नाही. तांबड्या समुद्राच्या वाटेवरचे असे लुटारू इंग्रजांच्या व्यापाराला डोईजड झाले होते. त्यांना पकडायला खाजगी भांडवलावर एक जहाज काढावे, ही कल्पना लॉर्ड बेलोमाँटच्या मंडळींनी उचलली. पैसा घालणाऱ्यांत सॉमर्स, ऑर्फर्ड, रॉमनी, श्रूझबरी असे राज्यातले बडे सरदार होते. त्यांची नावे गुप्त ठेवली होती. राजा तिसरा विल्यम याचाही दहावा हिस्सा होता. किडच्या हाती दोन फर्माने पडली : एक फ्रेंच जहाजे धरण्याचे, दुसरे चाच्यांना धरण्याचे.

डेप्टफर्डच्या गोदीत बांधलेले ‘ॲडव्हेंचर गॅली’ २८७ टनी, ३४ तोफांचे होते, आणि वारा पडला तर वल्हवता यावे म्हणून त्याला ४६ वल्ही होती. खलाशांशी करार असा की शिकार नाही तर पगार नाही. माझ्या मते किडची पुढची सगळी कर्मकथा या एका अटीत आहे. दीडशे माणसे महिनोन्‌महिने बोटीवर, अन्नपाणी संपत आलेले, कोमोरो बेटांत तापाने पटापट माणसे मेलेली, जहाज गळणारे, आणि हातात छदाम नाही. असे खलाशी कप्तानाच्या फर्मानातली कलमे वाचत बसत नाहीत.

ऑगस्ट १६९७ मध्ये किड बाब-एल-मांडेबच्या सामुद्रधुनीत मोख्याहून निघणाऱ्या तांड्याची वाट पाहत दबा धरून राहिला. तांड्याबरोबर इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचे ‘सेप्टर’ हे जहाज होते. त्याचा कप्तान एडवर्ड बार्लो याने किडला पिटाळून लावले. चाच्यांना धरायला निघालेला माणूस यात्रेकरूंच्या वाटेवर काय करत होता, याचे धड उत्तर किडला कधी देता आले नाही. पुढे मलबारच्या बाजूला त्याने एक लहान जहाज अडवले, त्याच्या इंग्रज कप्तानाला आपल्या जहाजावर डांबून ठेवले आणि त्यावरच्या खलाशांना तलवारीच्या पात्याने झोडपले. किड निरपराध होता असे मी म्हणणार नाही.

३० ऑक्टोबर १६९७ चा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. विल्यम मूर हा जहाजावरचा गोलंदाज. धरण्याजोगे जहाज कप्तानाने हातचे सोडले, अशी कुरकुर आठवडे चालली होती. शब्दाला शब्द लागला. किडने जवळची लाकडी बादली उचलून मूरच्या डोक्यात घातली. दुसऱ्या दिवशी मूर मेला. खटल्याच्या आरोपपत्रात त्या बादलीची रीतसर नोंद आहे : लोखंडी कड्यांनी आवळलेली, किंमत आठ पेन्स. तिला सोन्याच्या पेटीसारखी दंतकथा कुणी चिकटवली नाही. पण आपण शिकार करत नाही आणि तरी आपल्याला लुटारू म्हणतील, या पेचात सापडलेल्या जहाजावरची हवा त्या आठ पेन्सांच्या बादलीतून जितकी कळते तितकी नकाशांतून कळत नाही.

३० जानेवारी १६९८ रोजी कोचीनजवळ ‘केडा मर्चंट’ हे सुमारे चारशे टनांचे जहाज त्याच्या हाती लागले. बंगालहून सुरतेला निघालेले. माल रेशीम, मलमल, साखर, सोरा, अफू. व्यापारी आर्मेनियन, नाखुदा इंग्रज, आणि मालात वाटा मोगल दरबारातल्या मुखलिस खानाचा. किडने फ्रेंच निशाण चढवले, ते पाहून केडा मर्चंटकडून फ्रेंच परवाना पुढे आला. किडला तेवढेच हवे होते. कागदोपत्री जहाज शत्रूचे ठरले. पण या समुद्रावरचे व्यापारी गरजेप्रमाणे अनेक सत्तांचे परवाने जवळ बाळगत, हे किडला माहीत नसेल असे मला वाटत नाही. सुरतेत हाहाकार झाला. मोगलांनी दाब आणल्यावर इंग्रज, डच आणि फ्रेंच या तिन्ही कंपन्यांना समुद्राची राखण वाटून घ्यावी लागली. लंडनने किडला चाचा ठरवले.

मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर कलिफर्ड परत भेटला, आता खरा चाचा म्हणून. किडची बहुतेक माणसे त्याच्याकडे गेली. किड केडा मर्चंट घेऊन परतला, कॅरिबियनमध्ये पोचल्यावर आपण चाचे ठरलो आहोत हे त्याला कळले, आणि तरीही सुटकेच्या भरवशावर तो, एव्हाना अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींचा गव्हर्नर झालेल्या, बेलोमाँटकडे गेला. जुलै १६९९ मध्ये बोस्टनला त्याला बेड्या पडल्या. परवाने त्याच्या वकिलामार्फत बेलोमाँटकडे आधीच पोचले होते. लंडनमध्ये सॉमर्स आणि ऑर्फर्डच्या राजकीय विरोधकांना किडच्या तोंडून त्यांची नावे हवी होती, म्हणून त्याला पार्लमेंटपुढे उभे केले. त्याने कुणाचेही नाव घेतले नाही. ८ आणि ९ मे १७०१ च्या खटल्यात त्याच्याच जहाजावरचा वैद्य आणि एक खलाशी माफीचे साक्षीदार झाले. परवाने मिळाले असते तरी मूरच्या खुनाचा आरोप सुटला नसता, हे मान्य. पण चाचेगिरीच्या आरोपाला उत्तर देणारा एकमेव कागद आरोपीला न देता त्याला फासावर चढवले, हा अन्याय तीनशे वर्षांनी वाचतानाही अंगावर येतो.

दंतकथेचे मूळ छोटे आहे. अटकेआधी किडने न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर बेटावर थोडे सोने, चांदी, रत्ने आणि कापड पुरले होते. बेलोमाँटने ते लगेच उकरून, यादी करून लंडनला पाठवले. एवढ्यावरून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या खड्डे खणत राहिले, आणि पोने ‘गोल्ड बग’ व स्टीव्हन्सनने ‘ट्रेझर आयलंड’ लिहिले. २०१५ मध्ये मादागास्करजवळ किडची चांदीची लगड सापडल्याचा गाजावाजा झाला. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी तपासल्यावर ते जहाजाच्या तळाशी टाकायचे शिसे निघाले. खरा ऐवज २००७ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या कातालिना बेटाजवळ मिळाला : किनाऱ्यापासून अवघ्या ७० फुटांवर, १० फुटांहून कमी पाण्यात केडा मर्चंटचे अवशेष. तोफांखाली दबलेले लाकूड तपासले तेव्हा ते हिंदुस्थानी सागवान निघाले. कॅरिबियनच्या तळाशी आपले सागवान! या विषयातली मला सर्वांत हलवून टाकणारी वस्तू तीच आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे. ज्या १६९८ मध्ये केडा मर्चंट लुटले गेले, त्याच वर्षी कान्होजी आंग्रे मराठी आरमाराचे सरखेल झाले. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनी त्यांचे दस्तक घ्यावे, नसेल तर गलबत धरले जाईल, हा त्यांचा दंडक. पोर्तुगीज दीडशेहून अधिक वर्षे ‘कर्ताझ’ देऊन हेच करत आले होते. इंग्रजांनी कान्होजींचे दस्तक मानायचे नाकारले आणि आपल्या कागदांत त्यांना ‘पायरेट’ म्हणून नोंदवले. विजयदुर्ग, खांदेरी आणि कुलाब्यावर हल्ले करूनही त्यांना सरखेलांना मोडता आले नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण याच प्रश्नाच्या आपल्या बाजूसाठी वाचावे. कौल घेतलेल्या सावकाराशी कसे वागावे, कौल नसलेल्याशी कसे, याचा तिथे बारकाईने विचार आहे. राजसत्ता बोलते आहे हे त्याच्या प्रत्येक ओळीत ऐकू येते. किड आणि कान्होजी एका माळेचे मणी नव्हेत. एक भाडोत्री कप्तान, दुसरा राज्याचा सरखेल. पण दोघांना एकच शब्द लावणारी लेखणी एका कंपनीच्या वखारीत होती, हे विसरून वाचले तर तिचाच निकाल आपल्या तोंडून बाहेर पडतो.

म्हणून नव्या वाचकाला माझी विनंती अशी, की प्रत्येक कागदाला तो कुणी, कुणापुढे आणि कशाच्या भीतीने लिहिला हे विचारावे. वखारीची पत्रे वरिष्ठांना लिहिलेली असतात, त्यांत आपला दोष कमी दिसतो. माफीचा साक्षीदार आपला गळा वाचवत असतो. खाफी खानाने गंज-इ-सवाईची हकीकत लिहिली, ती मोगल बाजूने. रॉबर्ट रिची यांचे किडवरचे १९८६ चे पुस्तक लंडनचे राजकारण उलगडते. मनोहर माळगावकरांचे कान्होजींवरचे पुस्तक हाताशी असावेच. मराठी, फारसी आणि पोर्तुगीज कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्यांची या विषयाला फार गरज आहे. मोडी वाचता येणारा तरुण इथे आला तर त्याच्यासाठी दार उघडे आहे.

वाचायला सुरुवात कुठून करावी, असे कुणी विचारले तर मी बेंजामिन फ्रँक्सची जबानी पुढे करतो. जे. फ्रँकलिन जेमसन यांनी १९२३ मध्ये छापलेल्या कागदपत्रांच्या संग्रहात ती आहे. फ्रँक्स हा ज्यू जवाहिऱ्या. हिंदुस्थानात पोचायचे म्हणून तो किडच्या जहाजावर चढला, आणि सप्टेंबर १६९७ मध्ये कारवारला उतरून निसटला. किडने त्याला किनाऱ्यावर सोडावे म्हणून त्याने आपली बीव्हरच्या केसांची टोपी किडला दिली. पुढच्या महिन्यात, २० ऑक्टोबरला, त्याने जबानी लिहून दिली. केडा मर्चंट अजून धरले जायचे होते, मूर जिवंत होता, बादली जहाजावर पाणी भरायच्या कामात होती. ती जबानी मुंबईत घेतलेली आहे.